आध्यात्मिक वाढ आणि स्वर्गातील प्रतिफळ

अभ्यासासाठी शास्त्रभाग: १ करिंथ ३:१–१५ व ४:१–५, मत्तय २०:१–१६, मत्तय २५:१४–३०, लूक १९:११–२७



अभ्यासगटांत एक प्रश्न वारंवार पुढे येतो. स्वर्गात प्रत्येकाला मिळणारे प्रतिफळ त्याच्या आध्यात्मिक वाढीवर ठरते काय? जो प्रार्थनेत, वचनाच्या ज्ञानात आणि पवित्रतेत पुष्कळ पुढे गेला त्याला मोठे प्रतिफळ, आणि जो आयुष्यभर धडपडत राहिला त्याला लहान, असे आहे काय? मग मरणाच्या दोन दिवस आधी विश्वास ठेवणाऱ्याचे काय? अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करण्यात जिची वीस वर्षे गेली, जिला एकही उपवास-प्रार्थना किंवा शिबिर गाठता आले नाही, त्या बहिणीचे काय?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. त्याच्या उत्तरावर आपण रोज कसे जगतो हे अवलंबून आहे. चुकीचे उत्तर धरले तर कोणी गर्वाने फुगतो आणि कोणी निराश होऊन सेवा सोडून देतो. म्हणून पवित्र शास्त्र काय सांगते ते नीट पाहू.

१. तारण आणि प्रतिफळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

सर्वप्रथम एक भेद मनात पक्का केला पाहिजे. तारण हे दान आहे. ते कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते. कोणाच्या कर्माने मिळत नाही, म्हणून कोणाला अभिमान बाळगण्यास जागा नाही (इफिस २:८–९). वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी टांगलेल्या चोराला वाढ होण्यास अवधीच नव्हता. त्याचा बाप्तिस्मा झाला नाही, त्याने एक दिवसही मंडळीत सेवा केली नाही. तरी त्याच दिवशी सुखलोकात प्रभूबरोबर असण्याचे अभिवचन त्याला मिळाले (लूक २३:४३). स्वर्गाचे दार वाढीच्या किल्लीने उघडत नाही.

प्रतिफळाविषयी मात्र शास्त्र वेगळ्या शब्दांत बोलते. सर्व विश्वासणाऱ्यांना ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर प्रकट व्हायचे आहे (२ करिंथ ५:१०). प्रत्येकाला आपापल्या श्रमाप्रमाणे आपापली मजुरी मिळेल (१ करिंथ ३:८). एखाद्याचे काम जळून गेले तर त्याचे नुकसान होईल, पण तो स्वतः तारला जाईल, जणू अग्नीतून बाहेर पडावा तसा (१ करिंथ ३:१५). या शेवटच्या वचनात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. माणूस तारला गेला आहे, तरी त्याचे काम टिकलेले नाही. तारण आणि प्रतिफळ एकच असते, तर हे वचन लिहिताच आले नसते.

ख्रिस्ती परंपरांमध्ये यावर वेगवेगळा भर दिला गेला आहे. रोमन कॅथलिक शिकवणीत कृपेने केलेल्या सत्कर्मांच्या पुण्याविषयी बोलले जाते. १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ते मांडताना ही सत्कर्मेसुद्धा देवाचीच दाने असल्याचे म्हटले. प्रोटेस्टंट सुधारकांनी पुण्य हा शब्द नाकारला, पण देव आपल्या लेकरांच्या कामाचे प्रतिफळ देतो हे मान्य केले. त्यांच्या कितीतरी आधी चौथ्या-पाचव्या शतकांत होऊन गेलेल्या ऑगस्टिनने शिकवले होते की देव आपल्याला मुकुट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांना मुकुट घालत असतो. प्रतिफळ असले तरी त्याचे मूळ कृपेत आहे, येथे सर्वजण एकत्र येतात.

२. प्रतिफळ कशाप्रमाणे मिळते?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. १ करिंथ ३ मध्ये पौल शेताचे उदाहरण घेतो. एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, वाढ मात्र देवाने केली. येथे तो मंडळीच्या वाढीविषयी बोलत आहे, पण हेच तत्त्व आपल्या अंतर्यामीच्या वाढीलाही लागू आहे; शरीराची वाढ देवाकडून होते असे तो कलस्सैकरांस सांगतो (कलस्सै २:१९). ज्या अध्यायात मजुरीचा विषय आहे, त्याच अध्यायात वाढ देवाच्या हातात ठेवली आहे आणि श्रम माणसाच्या हातात. मजुरी वाढीप्रमाणे मिळेल असे पौल लिहीत नाही. तो श्रमाप्रमाणे असे लिहितो. पुढच्या अध्यायात तो आणखी स्पष्ट करतो की कारभाऱ्याच्या ठायी एकच गोष्ट पाहिली जाते. तो विश्वासू असला पाहिजे (१ करिंथ ४:२).

प्रभू येशूने सांगितलेले दोन दाखले एकत्र वाचले की ही गोष्ट उघड होते.

मत्तय २५ मध्ये एका दासाला पाच तालंत मिळाले, दुसऱ्याला दोन. पाचवाल्याने आणखी पाच मिळवले, दोनवाल्याने आणखी दोन. हिशेबाच्या दिवशी एकाजवळ दहा होते, दुसऱ्याजवळ चार. पण धन्याने दोघांना दिलेली शाबासकी ताडून पाहा (वचने २१ व २३). शब्द तेच आहेत. दोघांना धन्याच्या आनंदात सारखेच बोलावले आहे. मिळाले होते ते वेगवेगळे, विश्वासूपणा सारखा, म्हणून शाबासकी सारखी.

लूक १९ मध्ये उलट आहे. दहा दासांना प्रत्येकी एकेकच मोहर मिळाली. एकाने तिच्यावर दहा मिळवल्या, त्याला दहा नगरांवर अधिकार मिळाला. दुसऱ्याने पाच मिळवल्या, त्याला पाच नगरांवर. येथे मिळाले होते ते सारखे, झटणे वेगवेगळे, म्हणून प्रतिफळही वेगवेगळे.

यावरून दोन गोष्टी शिकायला मिळतात. प्रतिफळात भेद आहेत, सर्वांना सरसकट एकच मिळेल असे नाही. पण तो भेद कोण किती उंचीवर पोहोचला यावर नाही. ज्याला जे दिले होते त्याचे त्याने काय केले यावर आहे. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेने सर्वांपेक्षा अधिक टाकले असे प्रभूने म्हटले (मार्क १२:४१–४४), ते याच हिशेबाने. एक पेला थंड पाणी देणारासुद्धा आपल्या प्रतिफळाला मुकणार नाही (मत्तय १०:४२). पाणी देण्यासाठी मोठी आध्यात्मिक उंची लागत नाही, पण प्रेम लागते.

३. हुगळीच्या काठावरचे श्रम

हे तत्त्व प्रत्यक्ष जीवनात कसे दिसते, ते पाहण्यासाठी बंगालकडे वळू. कोलकात्यात हुगळी नदीच्या काठी फोर्ट विल्यम किल्ला आहे आणि त्याच्या दक्षिणेला खिदिरपूर. याच नदीच्या वरच्या अंगाला श्रीरामपूर आहे (आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले). या नदीकाठच्या मिशनकार्याशी आपल्या मराठीचे जवळचे नाते आहे.

विल्यम कॅरी हे मूळचे इंग्लंडमधील चांभारकाम करणारे. ते नोव्हेंबर १७९३ मध्ये कोलकात्याला आले. सात वर्षे त्यांना एकाही भारतीय माणसाला बाप्तिस्मा देता आला नाही. पहिला बाप्तिस्मा २८ डिसेंबर १८०० रोजी श्रीरामपूर येथे हुगळीच्या पाण्यात झाला, तो कृष्ण पाल नावाच्या सुताराचा. पुढे कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवू लागले. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी मराठीवर काम केले. १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण आले, १८१० मध्ये मराठी कोश, आणि १८११ मध्ये श्रीरामपूरहून मराठी नवा करार निघाला. १८१२ च्या मार्च महिन्यात छापखान्याला आग लागली आणि अनेक भाषांतील हस्तलिखिते, खिळे व कागद एका रात्रीत जळाले. कॅरी पुन्हा कामाला बसले.

आता या श्रमाचे फळ मोजायचे म्हटले तर काय हाती लागते? श्रीरामपूरचे मराठी भाषांतर फार काळ वापरात राहिले नाही. मुंबईत १८१३ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले आणि तेथील मिशनऱ्यांनी नवे भाषांतर हाती घेतले. तो नवा करार १८२६ मध्ये छापून निघाला. त्या कामात ज्यांनी उमेदीची वर्षे घातली ते गॉर्डन हॉल त्याच वर्षी मार्चमध्ये प्रवासात पटकीने वारले. पुढे त्याही भाषांतराच्या सुधारणा झाल्या, नवी भाषांतरे आली. आज आपल्या हातात असलेल्या मराठी पवित्र शास्त्रात कॅरींची किंवा हॉल यांची किती वाक्ये उरली असतील? फार थोडी.

मग त्यांचे श्रम वाया गेले काय? परिणामाप्रमाणे प्रतिफळ असते तर कदाचित तसे म्हणावे लागले असते. पण मजुरी श्रमाप्रमाणे आहे. एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले. शेत देवाचे आहे, आणि पहिले बी पेरणाऱ्याला तो विसरत नाही. आपल्या नावासाठी दाखवलेली प्रीती व पवित्र जनांची केलेली सेवा विसरून जाण्याइतका देव अन्यायी नाही (इब्री ६:१०).

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कॅरी ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे वारले. चाळीस वर्षांच्या सेवेनंतर आपल्या थडग्यावर काय लिहावे हे त्यांनी मृत्युपत्रातच सांगून ठेवले होते. कोश, व्याकरणे, भाषांतरे, शाळा यांपैकी कशाचाही उल्लेख त्यांना नको होता. नाव, जन्ममृत्यूच्या तारखा, आणि आयझॅक वॉट्स यांच्या एका गीताच्या दोन ओळी, एवढेच. त्या ओळींचा भाव असा आहे की आपल्याजवळ दाखवण्याजोगे काही नाही, आधार आहे तो केवळ प्रभूच्या दयेचा. जो खरोखर वाढला आहे तो आपल्या वाढीचा हिशेब काढीत बसत नाही. तो कृपेकडे अधिक ओढला जातो.

४. मग वाढीचे स्थान कोणते?

येथे कोणी म्हणेल, वाढीवर प्रतिफळ ठरत नसेल तर वाढण्याची खटपट कशाला? हे दुसरे टोक आहे, आणि तेही चुकीचे आहे.

पेत्र आपल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात विश्वासाला सात गोष्टींची जोड देण्यास सांगतो. त्यात सात्त्विकता, ज्ञान, इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम आणि प्रीती ही येतात. असे करणाऱ्यांचा सार्वकालिक राज्यात प्रवेश विपुलतेने होईल, असे तो म्हणतो (२ पेत्र १:५–११). म्हणजे वाढ आणि पुढचे जीवन यांचा संबंध नाही असे मुळीच नाही. इब्री लोकांस पत्र लिहिणारा तर वाचकांना रागे भरतो की एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवे होते, पण अजून तुम्हाला दूधच लागते (इब्री ५:१२–१४). न वाढणे ही निरुपद्रवी गोष्ट नाही. ज्या दासाने आपला तालंत जमिनीत पुरला त्याने काही चोरले नव्हते, उधळलेही नव्हते. त्याने फक्त काहीच केले नाही, आणि त्याच्यावर दोष आला.

मग नाते कसे समजायचे? असे म्हणता येईल की वाढ आणि प्रतिफळ ही एकाच मुळाची दोन फळे आहेत, आणि ते मूळ म्हणजे कृपेत राहून दाखवलेला विश्वासूपणा. जो द्राक्षवेलात राहतो त्याला फळ येते (योहान १५:५). त्याच्यातच वाढ होते, त्याच्याच हातून सेवा होते, आणि त्याच सेवेचे प्रतिफळ आहे. वाढ ही प्रतिफळ मोजण्याची पट्टी नाही, परंतु विश्वासूपणा टिकला की वाढ आल्याशिवाय राहत नाही.

पंडिता रमाबाईंचे जीवन येथे बोलके आहे. १८७८ मध्ये कोलकात्यातील विद्वानांनी त्यांच्या संस्कृत पांडित्याची परीक्षा पाहून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षे होते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितले की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण स्वतः ख्रिस्त सापडलेला नाही. विद्वत्ता होती, बाप्तिस्मा होता, समाजकार्यही सुरू झाले होते, आणि तरी वाढ व्हायची होती.

ती वाढ कशासाठी वापरली गेली ते पाहा. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली व विधवा आणून पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांना आसरा दिला. पुढे त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. तरी त्यांनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. त्यांचे भाषांतर १९२४ मध्ये, त्यांच्या पश्चात, छापून प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या वाचकांसाठी त्यांनी श्रम केले ते वाचक त्यांनी या जगात पाहिले नाहीत.

रमाबाईंच्या वाढीमुळे त्यांना अधिक आराम मिळाला नाही, अधिक भार मिळाला. ज्याला पुष्कळ दिले आहे त्याच्यापासून पुष्कळ मागितले जाईल (लूक १२:४८). शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल (याकोब ३:१). वाढीला स्वर्गाची चढती शिडी समजणाऱ्यांनी ही वचने विसरू नयेत. वाढ म्हणजे अधिक जबाबदारी.

५. वेळेपूर्वी न्याय करू नका

खिदिरपूरचेच एक नाव सर्व बंगालला ठाऊक आहे. मायकेल मधुसूदन दत्त यांचे वडील राजनारायण वकील होते आणि त्यांचे घर खिदिरपूरला होते. ९ फेब्रुवारी १८४३ रोजी, एकोणिसाव्या वर्षी, मधुसूदनांनी कोलकात्याच्या ओल्ड मिशन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घर त्यांना दुरावले. पुढे 'मेघनादवध काव्य' लिहून ते बंगालीचे थोर कवी ठरले. परंतु त्यांचे जीवन कर्ज, व्यसन आणि अस्थिरतेत गेले. पत्नी हेन्रिएटा यांच्या मृत्यूनंतर अवघ्या तीन दिवसांनी, २९ जून १८७३ रोजी, इस्पितळात त्यांचा अंत झाला. त्यांना ख्रिस्ती दफनभूमीत जागा द्यावी की नाही यावरून प्रश्न उभा राहिला आणि दफन लगेच होऊ शकले नाही. शेवटी एका पाळकाने पुढाकार घेतला, तेव्हा लोअर सर्क्युलर रोडच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली.

त्यांची आध्यात्मिक वाढ किती झाली होती? त्यांना कोणते प्रतिफळ आहे? याचे उत्तर तुम्ही-आम्ही देऊ शकत नाही, आणि तेच शास्त्राचे म्हणणे आहे. पौल लिहितो की प्रभू येईपर्यंत, वेळेपूर्वी, कोणत्याही गोष्टीचा निवाडा करू नका. अंधारातील गुप्त गोष्टी तोच उजेडात आणील आणि अंतःकरणातील हेतू तोच उघड करील (१ करिंथ ४:५). पौल तर स्वतःचाही न्याय करीत नाही असे म्हणतो.

करिंथच्या मंडळीत एकाही कृपादानाची उणीव नव्हती (१ करिंथ १:७), तरी पौल त्यांना बालके म्हणतो, कारण त्यांच्यात हेवा आणि कलह होता (३:१–३). कृपादान निराळे, आध्यात्मिक वाढ निराळी, आणि मंडळीतील पद त्याहून निराळे. आपण बाहेरून पद व कृपादान पाहतो आणि त्यालाच वाढ समजतो. प्रभू हेतू पाहतो. जो लोकांनी पाहावे म्हणून दान करतो, प्रार्थना करतो, उपवास करतो, त्याला त्याचे प्रतिफळ येथेच मिळून चुकले (मत्तय ६:१–१८). वेतन उचलून झाल्यावर पुढे काय उरणार?

म्हणून वीस वर्षे सासूची सेवा करणाऱ्या त्या बहिणीकडे पुन्हा पाहा. पौलाने कलस्सै येथील दासांना, ज्यांच्या हाती स्वतःचा वेळसुद्धा नव्हता, असे लिहिले की तुम्ही जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, कारण वतनरूपी प्रतिफळ तुम्हाला प्रभूपासून मिळणार आहे (कलस्सै ३:२२–२४). वतन मुलांना मिळते, दासांना नाही. जगात ज्यांच्या वाट्याला काहीच येत नव्हते त्यांनाच हे लिहिले आहे. त्या बहिणीच्या स्वयंपाकघरातली, तिच्या रात्रीच्या जागरणातली सेवा प्रभूच्या नावाने झाली असेल, तर ती सोने-रुपे-मोलवान पाषाण या रांगेतली आहे.

६. द्राक्षमळ्यातील मजूर

शेवटी मत्तय २० चा दाखला. खिदिरपूरची गोदी १८९२ मध्ये सुरू झाली. पुढे अनेक दशके भारतातल्या गोद्यांत माल चढवणारे-उतरवणारे हमाल रोजंदारीवर घेतले जात. सकाळी नाक्यावर उभे राहायचे, मुकादमाने बोलावले तर चूल पेटणार, नाही बोलावले तर उपास. १९४८ चा गोदी कामगारांचा कायदा आल्यावर हे हळूहळू बदलले. मजूर अड्ड्यावर दुपारपर्यंत थांबून राहिलेल्या माणसाचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला हा दाखला लवकर कळतो.

धन्याने पहाटे काही मजूर लावले, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि शेवटी अकराव्या तासाला. संध्याकाळी सर्वांना एकेक रुपया मिळाला. पहाटेपासून राबणारे कुरकुर करू लागले. हा दाखला प्रभूने केव्हा सांगितला ते पाहा. त्याच्या लगेच आधी पेत्राने विचारले होते की आम्ही सर्व सोडून आपल्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? (मत्तय १९:२७). प्रभूने त्याला रागे भरले नाही. प्रतिफळ आहे, शंभरपट आहे, असे सांगितले. पण लगेच हा दाखला जोडला, म्हणजे पेत्राने प्रतिफळाला आपला हक्क समजू नये आणि दुसऱ्याच्या हातातील पैसे मोजीत बसू नये. पहाटेच्या मजुरांना ठरल्याहून कमी मिळाले नव्हते. त्यांना दुःख झाले ते दुसऱ्याला मिळाले म्हणून.

स्वर्गात असा हेवा राहणार नाही. अठराव्या शतकातील अमेरिकन उपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांनी यासाठी भांड्यांचे उदाहरण दिले. आनंदाच्या सागरात लहानमोठी भांडी बुडवली तर प्रत्येक भांडे काठोकाठ भरते. लहान भांड्याला काही कमी पडत नाही. आणि जेथे प्रीती पूर्ण झाली आहे तेथे मोठे भांडे पाहून लहान भांड्याला आनंदच होईल.

शिवाय प्रतिफळ म्हणजे तरी काय? अब्राहामाला देवाने स्वतःलाच त्याचे मोठे प्रतिफळ म्हणून दिले (उत्पत्ती १५:१). विश्वासू दासांना सांगितले ते धन्याच्या आनंदात ये, असे. प्रकटीकरणातील चोवीस वडील आपले मुकुट डोक्यावर मिरवत नाहीत, सिंहासनापुढे ठेवतात (प्रकटीकरण ४:१०). ज्याला प्रभूच हवा आहे, त्याला प्रतिफळाची इच्छा धरण्यात लाज वाटायचे कारण नाही.

सारांश

स्वर्गातील प्रवेश कृपेने आहे, वाढीने नाही. प्रतिफळ आहे आणि त्यात भेदही आहेत, पण ते विश्वासूपणाप्रमाणे आहे. ज्याला जे मिळाले त्याचे त्याने काय केले आणि कोणत्या हेतूने केले यावर आहे. वाढ देव करतो. आपल्याकडे आहे ते लावणे आणि पाणी घालणे. वाढीची आस धरा, कारण न वाढणारे मूल आजारी असते. पण स्वतःची वाढ रोज मापून पाहू नका, आणि शेजाऱ्याची तर मुळीच नको. पौलासारखे मागील गोष्टी विसरून पुढील गोष्टींकडे धावा (फिलिप्पै ३:१२–१४), आणि आज हाती आलेले काम प्रभूसाठी करा.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. मत्तय २५ आणि लूक १९ या दोन दाखल्यांत सारखे काय आणि वेगळे काय? दोन्ही मिळून प्रतिफळाविषयी काय शिकवतात?

२. आपल्या मंडळीत आपण कोणाला "आध्यात्मिक" म्हणतो? ते पद, कृपादान की चारित्र्य पाहून?

३. ज्याचे फळ अजून दिसले नाही असे कोणते काम तुम्ही सोडून देण्याच्या बेतात आहात? १ करिंथ ३:५–९ त्याविषयी काय म्हणते?

४. गेल्या आठवड्यात केलेली अशी एखादी सेवा आठवा जी कोणी पाहिली नाही. ती करताना तुमचा हेतू काय होता?

५. आजारी, वृद्ध किंवा घरात अडकलेल्या एखाद्या विश्वासणाऱ्याला या पाठातून तुम्ही कोणता धीर द्याल? या आठवड्यात त्यांना भेटून तो द्या.

प्रार्थना

हे प्रभो, तू आम्हाला फुकट स्वीकारलेस याबद्दल आम्ही तुझी उपकारस्तुती करतो. जे थोडे तू आमच्या हाती दिले आहेस त्यात आम्हाला विश्वासू ठेव. दुसऱ्याशी तुलना करण्यापासून आम्हाला सोडव. तुझ्या वेळी, तुझ्या रीतीने आम्हाला वाढव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.